कुमुदकाकूंचा हेवा

कुमुदकाकूंना लोकांचा हेवा वाटायचा. तो कुणाला वाटत नाही? पण ज्याचा वाटला त्याला तोंडावर सांगून टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आमची पहिली भेटच तशी झाली. लग्नाला चार-सहा महिने झाले होते. नवऱ्याला वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि आम्ही भाड्याची जागा शोधत होतो. छावणी ओलांडून पडेगावकडे निघालं की त्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांचे प्लॉट पडत होते. काल जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं आज चुन्याच्या रेघा दिसायच्या. काकूंचं घर अशाच एका नव्या कॉलनीत होतं. खाली त्या आणि त्यांचे यजमान अण्णा राहत, वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. जागा दाखवून झाल्यावर काकूंनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "केस फार छान आहेत गं तुझे. मला हेवा वाटायलाय. भाडं मात्र कमी होणार नाही."

अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. तो खाली न घेताच ते म्हणाले, "म्हणजे जागा दिली तुम्हाला."

काकू पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. ऑफिस सुटून वर्षं झाली होती, तरी सकाळी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधून त्या तयार असायच्या. गुडघे दुखायचे, म्हणून जिना चढायच्या नाहीत. काही सांगायचं असलं की खालूनच "माधुरी" अशी हाक यायची, आणि ती हाक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची.

त्यांच्या हेव्याला लहानमोठं असं काही नव्हतं. मुलगा हैदराबादला होता. त्याची सासू त्याच्याकडे जाऊन महिनाभर राहिली की काकूंना तिचा हेवा वाटे. अण्णा तासभर पेपर वाचत, तर पेपरचाही वाटे. "इतकं निरखून मला बघितलं असतं तर मी म्हातारी झालेच नसते," असं एकदा त्या माझ्यासमोर म्हणाल्या आणि अण्णांनी पान उलटलं.

मी हप्त्यावर स्कूटी घेतली तेव्हा काकूंनीच तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, पेढा खाल्ला. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. मला आयुष्यात चालवता आली नाही. आता मी दोन-तीन दिवस तुझ्याशी बोलणार नाही. तू मनावर घेऊ नकोस, हे माझं मला बघायचंय."

आणि खरंच बोलल्या नाहीत. मी येता-जाता हसायचे, त्या मान फिरवायच्या. मला आधी गंमत वाटली, मग रडू यायला लागलं. मग एका संध्याकाळी खालून हाक आली. वरणफळं केली होती. "जेव. संपलं माझं. उद्या मला गुलमंडीच्या बाजारात नेतेस का मागं बसवून?"

दुष्काळाची वर्षं होती ती. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही आमच्या बाजूला पोचेपर्यंत करंगळीएवढी धार व्हायची. काकूंची बोअर आटली. समोरच्या निर्मलाकाकूंनी त्याच उन्हाळ्यात नवी बोअर घेतली आणि तिला पाणी लागलं. अख्खी कॉलनी बघायला गेली. चिखलाचं पाणी उसळून वर आलं तेव्हा बायकांनी हात जोडले. कुमुदकाकू सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. म्हणाल्या, "निर्मला, तुझं नशीब बघून माझ्या पोटात दुखायलंय."

"अहो, तुम्हीही न्या की पाणी," निर्मलाकाकू म्हणाल्या.

"आत्ता नाही. आत्ता नेलं तर ते मला पचणार नाही."

त्यांनी टँकर मागवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागवला. शेवटी अण्णांनीच गुपचूप समोरून पाइप आणून टाकीत सोडला. काकू खिडकीतून बघत होत्या, पण त्यांनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्मलाकाकूंना डबाभर शंकरपाळे पाठवले.

चंद्रकला दोन्ही घरी काम करायची. गंगापूरकडच्या एका खेड्यातली, पस्तिशीची बाई. नवऱ्यानं टाकलेली. दोन मुली गावाकडे आईजवळ ठेवून ती पडेगावात पत्र्याच्या खोलीत राहत होती. गावातल्या विहिरी कोरड्या पडलेल्या, रोजगार संपलेला, म्हणून शहरात आलेली. अंगानं काटक, बोलायला फटकळ. काकूंच्या गुडघ्यांना रोज तेल लावून द्यायची, आणि ते पगारात धरलेलं नव्हतं.

ती आधी निर्मलाकाकूंकडे जायची आणि मग इकडे यायची. काकूंना हे सलायचं. त्यांनी तिच्यासाठी आलं घातलेला चहा सुरू केला. समोर चहा मिळत नव्हता. महिनाभरात चंद्रकला आधी इकडे यायला लागली. काकूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी बोअरला पाणी लागलं असतं तरी पाहिला नसता.

एका सकाळी मी भाडं द्यायला खाली गेले तर स्वयंपाकघरात दोघीच. चंद्रकला ओट्याशी पाठमोरी उभी, काकू खुर्चीत.

"माधुरी, ऐक," काकू म्हणाल्या. "ही मस्कतला जायली."

छावणीच्या बाजारात एक एजंट होता. त्याच्या मुंबईच्या एजन्सीकडे मस्कतच्या एका मराठी डॉक्टरांचं काम आलं होतं. डॉक्टरांच्या आईला सांभाळायला बाई हवी होती. आईला मराठीशिवाय दुसरं काही बोलता येत नव्हतं आणि भाकरीशिवाय दुसरं काही उतरत नव्हतं. पगार इथल्या पाच घरांच्या कामापेक्षा जास्त. पण पासपोर्ट, तपासण्या आणि एजन्सीची फी मिळून साठ हजार आधी भरायचे होते.

"आणि हिनं हे आधी कुणाला सांगितलं असेल? निर्मलाला. पैसेही आधी तिच्याकडंच मागितले."

"अवं काकू," चंद्रकला वळून म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी रडला असता. मंग माझा पाय निघाला नसता. म्हून तिकडं गेले. त्या नाय म्हनल्या."

"नाही म्हणाली म्हणून इकडं आलीस."

"व्हय. दुसरीकडं कुठं जाऊ?"

काकू उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. मग मस्कतच्या त्या म्हातारीवर घसरल्या. तिनं काय पुण्य केलंय, तिला का म्हणून चंद्रकलाच पाहिजे, तिचे गुडघे गुडघे आणि माझे काय दगड? चंद्रकला भांडी घासत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "पोरींला पान्याच्या लायनीत उभं ऱ्हावं लागतं वं काकू. शाळा सुटायली त्यांची."

काकूंकडे पैसे होते. ते कशाचे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निर्मलाकाकू मुलाबरोबर सिंगापूरला जाऊन आल्या होत्या आणि विमानात काय काय देतात याचं वर्णन करताना थकत नव्हत्या. त्या दिवसापासून काकूंनी पेन्शनमधून वेगळे पैसे टाकायला सुरुवात केली होती. अंदमानची सहल, जाऊन-येऊन विमानानं, अण्णांना बरोबर घेऊन. अण्णांनी मुंबईतल्या सहल कंपनीचं माहितीपत्रक आणून कपाटाला आतून चिकटवलं होतं.

निर्मलाकाकू त्या संध्याकाळी मुद्दाम समजावायला आल्या. मी तिथंच होते.

"कुमुद, एजंट लोक बुडवतात. आणि नाही बुडवलं तरी आपल्या पदरचे पैसे घालून आपलीच कामवाली घालवायची, हे कुठलं शहाणपण?"

"तू म्हणतेस ते सगळं खरं आहे."

"मग?"

काकूंनी जरा वेळ बोटांत पदर गुंडाळला. "निर्मला, मला तुझा हेवा वाटतो, हिचा वाटतो," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "विहिणीचा वाटतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचासुद्धा वाटतो, त्याची सून गोड बोलते म्हणून. पण इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात येते, हिचा कधी वाटला नाही. हेवा वाटावा असं हिच्याकडं काही नव्हतंच. हे काही बरोबर नाही."

निर्मलाकाकूंना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. अण्णांना कळलं. ते उठले आणि कपाटाला लावलेला तो कागद काढून घडी घालून ठेवून आले.

पण काकू डोळे मिटून पैसे देणाऱ्या नव्हत्या. अण्णांना आणि चंद्रकलेला रिक्षात बसवून, स्वतः माझ्या स्कूटीवर मागं बसून त्या छावणीत गेल्या. मोबाइलच्या दुकानावर एजंटचं छोटं ऑफिस होतं, आणि तो अरुंद जिना काकू गुडघे दाबत चढल्या. एजंट नईमभाई चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. काकूंनी त्याला तासभर पिळला. एजन्सीचा सरकारी परवाना बघितला, पावतीवर काय लिहिणार ते आधी वाचून दाखवायला लावलं, पगार कुणाच्या खात्यात जाणार ते विचारलं. चंद्रकला दाराशी उभी होती, तिला ओढून खुर्चीत बसवलं. शेवटी म्हणाल्या, "मला त्या बाईंशी बोलायचंय. मस्कतच्या."

"अम्मा, ऐसा नईं होता. पार्टी से डायरेक्ट बात नको बोलते एजन्सीवाले."

"मग मी पैसे भरत नाही."

नईमभाईनं कपाळाला हात लावला आणि फोन जोडला. स्पीकरवर एक थकलेला, पण खणखणीत आवाज आला. सांगलीकडच्या होत्या त्या. घरात सगळे त्यांना आक्का म्हणत.

"तुमचं वजन किती?" काकूंनी नमस्कारानंतर हाच पहिला प्रश्न केला.

"का हो?"

"आमच्या पोरीला उचलावं लागणार ना."

"उचलायची नाही मी. धरून चालवली की चालते."

"चिडता का?"

"चिडते की. दुसरं काम काय मला?"

काकूंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. आक्कांनी विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?"

"मुलगा आहे. हैदराबादला."

"माझा घरातच आहे, तो आणि सून. दोघं दवाखान्यात असतात. सकाळी खिडकीशी बसवतात, संध्याकाळी उठवतात. तुम्ही माझ्याशी एवढं बोललात ना, तेवढं मी या आठवड्यात कुणाशी बोलले नाही बघा."

काकूंनी फोन परत दिला आणि पर्स उघडली. जिना उतरताना मात्र माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी घट्ट आवळला. "फार गोड बोलते गं बाई. माझ्यापेक्षा गोड. चंद्रा तिचीच होणार."

पैसे भरले आणि नईमभाई गप्प झाला. आज व्हिसा येतो, उद्या येतो. महिना गेला, दुसराही गेला. निर्मलाकाकू काही बोलत नव्हत्या, पण त्यांचं न बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. चंद्रकला मान खाली घालून काम करायची. एकदा म्हणाली, "काकू, बुडाले तर जलमभर फुकट काम करते तुमचं." काकूंनी तिला असं काही झापलं की ती पुन्हा त्यावर बोलली नाही.

मग काकूंनी वेगळाच मार्ग काढला. दर मंगळवारी त्या पिशवीत लसूण घेऊन नईमभाईच्या ऑफिसात जायच्या आणि खुर्चीत बसून सोलायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. येणारं-जाणारं विचारायचं, तेव्हा त्या सगळी हकिगत सांगायच्या, नाव-गावासकट. मी एकदा त्यांना आणायला गेले तर दुबईला जाणारे दोन प्लंबर त्यांच्यासमोर बसून लसूण सोलत होते.

"अम्मा," नईमभाई हात जोडून म्हणाला, "मेरा धंदा बैठ जाएंगा. अगले हफ्ते आताय वीजा, कसम से."

आणि खरंच आला. माणूस खोटा नव्हता, फक्त मुंबईवाले त्याचा फोन उचलत नव्हते. काकूंनी उरलेला लसूण त्यालाच देऊन टाकला.

आता चंद्रकला खरंच जाणार हे ठरलं आणि काकूंचा अबोला सुरू झाला. तिला सांगूनच. "तू आता विमानात बसणार. माझ्याआधी. माझ्या पैशानं. मला सहन व्हायला वेळ लागेल, तू तुझं आवर." चंद्रकलेला त्यांचा स्वभाव माहीत होता, तरी जीव कासावीस व्हायचा तिचा. गुडघ्यांना तेल लावताना ती एकटीच बोलायची, काकू भिंतीकडे बघायच्या. त्याच दिवसांत अण्णांना पाठवून त्यांनी गुलमंडीतून चाकांची बॅग, दोन स्वेटर आणि ज्वारीचं पीठ बांधायला जाड पिशव्या आणवल्या. मस्कतला स्वेटर कशाला, असं मी म्हटलं तर माझ्याशीही बोलणं बंद.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली. चंद्रकला पाया पडली. काकू एकदम बोलायला लागल्या, धरण फुटल्यासारखं. "खिडकीची जागा माग. लाजू नकोस. खाली काय काय दिसतं ते सगळं बघून ठेव आणि मला नीट सांग. तिखटमीठ लावू नकोस. जे दिसलं तेच."

तिसऱ्या दिवशी फोन आला. आम्ही सगळे भोवती उभे.

"पोचले काकू. घर चांगलं हाय."

"ते राहू दे. खिडकी मिळाली?"

"मिळाली."

"काय दिसलं?"

पलीकडून बारीक आवाजात, "काकू, म्या डोळे मिटून बसले व्हते. उतरेपरेंत उघडलेच नाय. लई भ्या वाटलं."

काकूंनी फोन कानापासून दूर धरला आणि आमच्याकडे बघितलं. "साठ हजार घातले आणि डोळे मिटून बसली!" त्या ओरडल्या, आणि मग इतक्या हसल्या की अण्णांना त्यांच्या हातातून फोन घ्यावा लागला. हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते पुसतच राहिल्या.

पुढं दर रविवारी फोन यायचा. मुलगा हैदराबादहून फोन करायचा तोही रविवारीच, आणि काकू त्याला घाईनं आटोपायच्या. चंद्रकला आक्कांबद्दल भरभरून सांगायची. आक्कांनी तिला सही करायला शिकवली, आक्का तिच्या हातचं पिठलं मागून खातात, आक्का आता बागेपर्यंत चालतात. काकू "हं, हं" करायच्या. फोन ठेवला की उरलेला रविवार त्यांचा वाईट जायचा. नवी बाई तेल लावायला आली तर तिचे हात खरखरीत, तिचं तेल गार, तिला काहीच येत नाही.

दीड-दोन वर्षांनी आक्का गेल्या. चंद्रकलेचा फोन मधल्याच वारी आला. रडण्यामुळे तिला बोलता येईना. काकूंनी तिला पुष्कळ समजावलं, कुणाच्या सख्ख्या आईनं समजवावं तसं. नंतर मी चहा करून नेला तर त्या अंधारून आलेल्या खोलीत दिवा न लावता बसल्या होत्या.

"माधुरी, माझ्यासाठी इतकी रडेल का गं ती?"

मी दिवा लावला.

काकूंना वाटलं होतं, आता ती परत येईल. तिच्यासाठी नव्या बाईला केव्हा नाही म्हणायचं हेसुद्धा त्यांनी मनात ठरवलं होतं. पण डॉक्टरांच्या घरी बाळ आलं आणि चंद्रकला तिथंच राहिली. उसने घेतलेले पैसे तिनं केव्हाच फेडले होते. अंदमानचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. अण्णांनी एकदा काढला तर काकू म्हणाल्या, "आता वैशालीची फी भरायची का समुद्र बघायचा?"

वैशाली ही चंद्रकलेची थोरली. दहावीला तिला चांगले मार्क मिळाले आणि गावात पुढची सोय नव्हती. काकूंनी तिला आणून खालच्या पुढच्या खोलीत ठेवली. कॉलेजात घातली. मुलगी आईसारखीच काटक आणि फटकळ. काकूंना ती उलट उत्तरं द्यायची आणि काकूंना ते फार आवडायचं. पहिली वेणी घालून द्यायला त्यांनी मला खाली बोलावलं होतं, दुसऱ्या दिवसापासून स्वतःच घालायला लागल्या.

चंद्रकला सुट्टीवर आली तेव्हा मी वरच राहत होते अजून. अंगानं भरली होती ती, चांगली साडी, हातात घड्याळ. सगळ्यांसाठी खजूर आणले होते. निर्मलाकाकू बघायला आल्या आणि चकित होऊन गेल्या. कुमुदकाकू मात्र गप्प होत्या. मला वाटलं, नेहमीचंच. पण त्या चंद्रकलेच्या घड्याळाकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वैशाली सारखी "काकू, हे कुठं ठेवू? काकू, मी खाऊ का?" करत होती, आणि प्रत्येक वेळी चंद्रकलेची मान जरा खाली जात होती.

मागं नळापाशी ती मला म्हणाली, "ताई, पोरगी त्यांला इचारून जेवायली. माझ्याकडं बघतबी नाय."

काकूंना मी हे सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. या बाबतीत त्यांच्याइतकं जाणतं कुणी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी वैशालीची पिशवी स्वतः भरली. "आईबरोबर गावाला जा. तिची सुट्टी संपेपर्यंत इकडं फिरकायचं नाही."

"आन् कालेज?" चंद्रकला म्हणाली.

"कॉलेज कुठं पळून जात नाही. तिच्या डोक्याला तेल लाव, तिला काय आवडतं ते करून घाल. शेपूची भाजी खात नाही ती, करू नकोस." एवढं बोलल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. शेपूचं सांगायला नको होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

दोघी गेल्यावर तीन आठवडे काकू घरात नुसत्या फिरत राहायच्या. अण्णा पेपर घडी करून बाजूला ठेवायचे आणि त्यांच्याशी पत्ते खेळायचे.

पुढे आम्ही वाळूजजवळ फ्लॅट घेतला. काकूंनी वास्तुशांतीला येऊन सगळ्या खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता जेवून गेल्या. मी ते आनंदानं घेतलं. मग माझी मुलगी झाली, नोकरी, पाळणाघर, आणि इतक्या जवळ राहून जाणं कमी कमी होत गेलं. काही वर्षांनी अण्णा गेले आणि मुलानं काकूंना हैदराबादला नेलं. तिथंच त्या वारल्या, असं निर्मलाकाकूंकडून कळलं. चंद्रकला मस्कतहून थेट हैदराबादला पोचली होती, म्हणे.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मात्र इथंच, गुलमंडीत, दिवाळीच्या आधीच्या गर्दीत. मी लेकीला कडेवर घेऊन रस्त्याच्या या बाजूला होते. पलीकडच्या कापड दुकानात, दुकानदारानं बाहेर काढून दिलेल्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. वैशाली एकेक कापड अंगाला लावून दाखवत होती आणि त्या मान हलवून नाही म्हणत होत्या. हिरवं नाही, पिवळं नाही, ते तर मुळीच नाही. मुलगी काहीतरी चिडून बोलली. काकू खळखळून हसल्या. मग एक गडद जांभळं कापड त्यांनी स्वतःच उचललं, तिच्या खांद्यावर टाकलं आणि स्टुलावर मागं रेलून बघत राहिल्या.

त्यांच्या त्या नजरेला दुसरं काहीच दिसत नव्हतं. आधी मला वाटलं, हाक मारावी. लेकीला दाखवावं. पण मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिथंच उभी राहिले. कितीतरी वेळा मी त्यांना याच दुकानात आणलं होतं, पिशवी मी धरली होती, त्यांचं पिवळं नाही, हिरवं नाही मी ऐकलं होतं. आता माझ्या छातीत काहीतरी बारीक टोचत होतं, आणि ते काय आहे हे मला चांगलं कळत होतं.

काकू उठल्या. वैशालीनं वाकून त्यांच्या चपला पुढं सरकवल्या. काकूंनी तोल सावरायला तिच्या डोक्यावर हात ठेवला, एक पाय घातला, मग दुसरा, आणि तो हात तसाच ठेवून त्या तिच्याबरोबर गर्दीत शिरल्या.